दोन मिनिटे स्तब्ध

कोंडीराम ओव्हाळांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, आवाज राहत. तेहतीस वर्षं त्यांनी मान खाली घालून महापालिकेच्या सभागृहातलं बोलणं लिहून घेतलं होतं. मान खाली घातलेल्या माणसाला जगाचा फार थोडा भाग दिसतो. टेबलाची कड, वहीतली रेघ, समोरून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला. महापौरांच्या उंच आसनाच्या पायथ्याशी, नगरसचिवांच्या डाव्या हाताला एक अर्धगोल टेबल होतं. सभाशाखेचे लघुलेखक म्हणून ते तिथं बसत. समोर एकशे अठ्ठावीस नगरसेवकांच्या खुर्च्या, त्यांच्या मागं वरच्या अंगाला प्रेक्षक गॅलरी. कोण बोलायला उठलं हे कोंडीराम माईकच्या खरखरीवरून आणि पहिल्या शब्दाआधीच्या श्वासावरून ओळखत. भोसरीकडचे एक जुने सभासद बोलण्याआधी इतका वेळ घसा साफ करत, की तेवढ्यात कोंडीरामांची पेन्सिल टोक काढून तयार असे.

वडील बीडकडून आले आणि पिंपरीच्या एका कंपनीत पॅकिंगला लागले. सबंध आयुष्य त्यांनी उभ्यानं काढलं. पोरानं बसून काम करावं एवढंच त्यांचं मागणं होतं. पोरानं विहाराच्या अभ्यासिकेत बसून परीक्षा दिल्या, कॅम्पातल्या टायपिंगच्या क्लासात मराठी शॉर्टहँड शिकून घेतलं आणि मिनिटाला एकशे वीस शब्द या वेगावर नोकरी मिळवली. वडील लोकांना सांगत, "माझा कोंडीराम सभेत असतो." ऐकणाऱ्याला वाटे, भाषण करतो.

भाषण तर सोडाच, कोंडीराम घरीही फार बोलत नसत. काळेवाडीत पिठाच्या गिरणीवर त्यांच्या दोन खोल्या होत्या. बायको अंजली ताट वाढताना म्हणे, "इथं पण लिहूनच घेताय का? काहीतरी बोला की." ते हसत आणि भाताकडं बघत. अंजलीला जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगी योगिनी बंगळुरूला होती, रविवारी फोन करी. "जेवलात?" "जेवलो." "गोळ्या घेतल्या?" "घेतल्या." मिनिटाला एकशे वीस शब्दांनी तो सगळा फोन दहा सेकंदांत लिहून झाला असता.

सभा महिन्याच्या वीस तारखेला, दुपारी दोनला. आठवडाभर आधी विषयपत्रिका छापून जाई. पहिला विषय ठरलेला, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं. इतिवृत्त म्हणजे कोंडीरामांनीच लिहिलेली, कोणीही न वाचलेली सत्तर-ऐंशी पानं. "कायम?" असं महापौर विचारत, "कायम, कायम," असं दोन-चार बाक म्हणत आणि चार सेकंदांत ती पानं कायमची खरी होत.

त्यानंतर श्रद्धांजली. महिनाभरात जे कोणी थोर गेले, त्यांची नावं वाचली जात. यादी सभाशाखा करी, म्हणजे कोंडीरामच. प्रत्येक नावाला एक सभासद सूचक लागे आणि एक अनुमोदक. मग सगळे उभे राहत. कोंडीराम इतिवृत्तात लिहीत, 'सभागृहाने दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहिली.' पहिल्या वर्षीच त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं होतं. एक्केचाळीस सेकंद. पुढच्या महिन्यात छत्तीस. शांततेत महापौर डोळ्याच्या कोपऱ्यातून नगरसचिवांकडं बघत, नगरसचिव मान हलवत, खुर्च्या करकरत. दोन मिनिटं कोणीच कधी उभं राहिलं नाही. लिहायचं मात्र दोन मिनिटंच, कारण तसा प्रघात.

आणि पुष्कळदा, मनापासून किंवा एखादा नको असलेला विषय पुढं ढकलायचा म्हणून, कोणीतरी उठून म्हणे, "दिवंगतांच्या आदरार्थ सभा तहकूब करण्यात यावी." सभा उठे. विषय पुढच्या महिन्यावर जात.

याच प्रथेत चतुराबाईचा विषय अडकून पडला होता.

चतुराबाई महादू वाळके दिघीच्या मंडईच्या तोंडाशी पालेभाजी विकायला बसे. पहाटे यायची, दिवस कलल्यावर जायची. तिच्यासारख्या आणखी बाराजणी. तिथं बायकांना मुतारी नव्हती. दिवसभर पाणी न पिता बसायचं, नाहीतर ओळखीच्या कुणाच्या दारात जाऊन तोंड वेंगाडायचं. तिच्या वॉर्डाच्या नगरसेवकानं एकदा मुतारीचा प्रस्ताव दिला, तो विषयपत्रिकेवर आला, आणि तेव्हापासून ती दर वीस तारखेला टोपली अंबुबाईच्या हवाली करून बसनं पिंपरीला यायला लागली. गॅलरीत तिसऱ्या रांगेत, खांबाला लागून बसायची. गॅलरीतल्या माणसानं बघायचं, बोलायचं नाही, असा नियम.

पहिल्याच खेपेला ती सभेआधी जिन्यात कोंडीरामांना आडवी आली होती.

"तुमी लिवनारं ना? माझा इषय कितवा हाय तेवढं सांगा. मला वाचता येत न्हाई."

"सातवा, मावशी."

"आन् मला कसं कळनार सातवा आला ते? ह्ये सगळे एकदमच बोलत्यात."

कोंडीरामांना काय सुचलं कोणास ठाऊक. ते म्हणाले, "मी खालून बोटं दाखवीन."

तेव्हापासून तो रिवाज पडला. नवा विषय पुकारला की कोंडीराम डावा हात टेबलाच्या कडेला उभा धरत. एक बोट, दोन बोटं, तीन. दर पाचांनंतर उजव्या हातातली पेन्सिल एकदा वर करून पुन्हा एका बोटापासून. सभा तहकूब झाली की पालथा पंजा. पंजा पालथा दिसला की गॅलरीत ती पदर सावरून उठे. सगळ्या सभागृहात कोंडीराम मान वर करून कोणाकडं बघत असतील तर एवढ्या एका माणसाकडं. आणि त्यांच्याकडं बघणारंही तेवढंच एक माणूस होतं.

वर्षं गेली. विषय कधी सातवा, कधी अकरावा, कधी फेरसादर. कधीतरी शिपाई दत्तोबाच्या हाती कागदात बांधलेली शेपूची जुडी येई.

"घ्या ओव्हाळसाहेब, तुमच्या गॅलरीवालीनं धाडलीय," दत्तोबा म्हणे. महापौरांपुढचा मानदंड ठेवायचा-उचलायचा मान त्याच्याकडं होता, त्यामुळं बोलण्यात थोडा तोरा. "सोयरीक जमली म्हनायची."

"भाजी आहे दत्तोबा."

"आमाला येवढ्या वर्षांत कोनी काडी न्हाई दिली हो."

शेपू कोंडीरामांना आवडत नसे. ते निवडत, शिजवत आणि खात.

दोन हजार अकरा सालच्या एका सभेत, लागोपाठ चौथ्या महिन्यात, श्रद्धांजलीनं सभा तहकूब झाली. कोंडीरामांनी पंजा पालथा केला. आणि सगळे उठत असताना गॅलरीतून आवाज आला. मंडईत ओरडून कमावलेला आवाज, त्याला माईक लागला नाही.

"मेल्यांसाठी उभं ऱ्हाता, जित्यांसाठी कवा बसनार?"

क्षणभर खरोखरची स्तब्धता पसरली. मग महापौर म्हणाले, "गॅलरीतून बोलायचं नाही. हे कामकाजातून काढून टाका." सुरक्षारक्षकानं तिला दंडाला धरून बाहेर नेलं.

कोंडीरामांनी ते वाक्य लिहून घेतलं होतं. हात डोक्याच्या आधी लिहीत असे. त्यांनी त्यावर एक आडवी रेघ ओढली आणि इतिवृत्तात त्या जागी कंसात लिहिलं, 'वगळले'.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा हजर.

"माझं लिवलं का?"

"लिहिलं मावशी. पण काढायला लागलं."

"काढलं म्हंजी कुटं ठिवलं?"

घरी जाताना कोंडीराम बराच वेळ त्याच प्रश्नापाशी घुटमळत राहिले. नोकरीतल्या इतक्या वर्षांत त्यांना कोणी विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता.

मग दोन हजार बावीसच्या मार्चात नगरसेवकांची मुदत संपली. निवडणूक लांबली, प्रशासक आले. आता एकच अधिकारी म्हणजे सगळी सभा. विषय खालून टिपणी होऊन येत, वरून मंजूर होऊन जात. वाद नाही, टाळ्या नाहीत, मानदंड कपाटात. सभागृहाला कुलूप. आठवड्यातून एकदा माईक तपासायला कोंडीराम ते कुलूप उघडत आणि रिकाम्या एकशे अठ्ठावीस खुर्च्यांपुढं म्हणत, "एक, दोन, तीन." आवाज छताला लागून परत येई. दिवसाचं तेवढंच बोलणं होई कधीकधी.

त्या पहिल्या वर्षात चतुराबाई एकदा आली. जिना चढून दमली होती.

"सभा कवा हाय?"

"सभा नाही मावशी आता. प्रशासक आहेत."

"मंग बोलतं कोन?"

"कोणी नाही."

तिनं त्यांच्याकडं नीट बघितलं. "मंग तुमी काय लिवता?"

कोंडीराम टंकत होते. मंजूर कामांच्या याद्या. निगडी, पदपथ दुरुस्ती. काळेवाडी, ड्रेनेज लाइन. तळवडे, अमुक. ऐकून लिहायचं आणि बघून टंकायचं यात फार फरक असतो. ऐकताना शब्द माणसातून जातो. टंकताना तो बोटांतून निघून जातो, मागं काही ठेवत नाही.

मध्ये तीन वर्षं गेली. अखेर निवडणूक जाहीर झाली, तेव्हा कोंडीरामांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. एका शनिवारी ते बस बदलून दिघीला गेले. सभा सुरू होतेय, तुमचा विषय पुन्हा घालायला सांगा, असं सांगायचं होतं. मनाशी वाक्य जुळवून ठेवलं होतं. मंडईच्या तोंडाशी चतुराबाईच्या जागेवर अंबुबाई बसली होती.

"थोरली बाय व्हय? ती तर औंदाच्या पोळ्याला गेली की. दोन दिस पडून व्हती. तुमी कोन तिचे?"

ते म्हणाले, "महापालिकेत असतो."

"बरं झालं आलासा. मुतारीच्या दाराची कडी बसत न्हाई बगा."

"मुतारी?"

"ती काय," अंबुबाईनं मेथीच्या जुडीनं दाखवलं. निळ्या दाराची, पाण्याची टाकी असलेली, चांगली मुतारी. एक बाई आतून निघून पदराला हात पुसत चालली होती. "दिवाळीत झाली. थोरली अठरा वर्सं चपला झिजवत ऱ्हायली, आन् आता कोनी न बोलता आपसूक झाली. तिला न्हाई घावली बसायला."

सोमवारी कोंडीरामांनी फाईल काढली. ठराव वैशाखातला. परिशिष्टात एकशे बेचाळीस कामं, अठ्ठ्याण्णवावं काम, मौजे दिघी, मंडईलगत महिला प्रसाधनगृह. खाली टंकणाऱ्याची आद्याक्षरं. त्यांचीच. वैशाख ते पोळा, चार महिने ती जिवंत होती. रोज त्या जागेसमोर बसली होती, आणि मंजूर झालंय हे सांगायला एक माणूस एवढ्या शहरात नव्हता. जो होता त्यानं ते टंकलं होतं आणि त्याला कळलं नव्हतं. त्यांनी डावा हात टेबलाच्या कडेला ठेवला. गॅलरीच नव्हती समोर, फक्त लोखंडी कपाट होतं.

त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं. पहिल्या सभेच्या श्रद्धांजलीत तिचं नाव वाचलं गेलं पाहिजे. वाचलेलं नाव इतिवृत्तात जातं, आणि इतिवृत्त कोणी काढू शकत नाही. त्यांच्या निवृत्तीआधी एकच सभा येणार होती. ती या उभं राहण्यावरच ओरडली होती हे त्यांना आठवत होतं. आताही ओरडली असती. पण त्यांच्या हाती देण्यासारखं तेवढंच होतं.

सूचक हवा होता. तेहतीस वर्षांत कोंडीरामांनी कुठल्याही सभासदाकडं काही मागितलं नव्हतं. दिघीच्या बाजूनं निवडून आलेली करिष्मा परांडे सगळ्यांत तरुण होती. शपथेच्या कागदांवर सह्या करायला ती शाखेत आली, तेव्हा कोंडीराम उभे राहिले आणि जुळवलेलं वाक्य एका दमात बोलून टाकलं.

करिष्मानं मोबाइल खाली ठेवला. "चतुराआजी? अहो काका, मी त्यांच्याकडची भाजी खाल्लीय लहानपणी. मी सूचक. लिहा माझं नाव. यात विचारायचं काय?"

"अनुमोदक पण लागेल."

"तो मी बघते. तुम्ही नाव पाठवा व्हॉट्सअॅपवर."

कोंडीरामांनी तो निरोप चार वेळा लिहिला. शेवटी एवढाच राहिला, 'चतुराबाई महादू वाळके, दिघी. अठरा वर्षे सभागृहाच्या प्रेक्षक गॅलरीत नियमित उपस्थिती.' उत्तरादाखल अंगठा आला.

अडचण अशी झाली, की चार वर्षांत मेलेली माणसं सगळ्यांकडंच होती. कुणाचे वडील, कुणाचे माजी महापौर, कुणाचे तालमीतले वस्ताद. यादी सात पानांवर गेली. दोनशे अकरा नावं. कोंडीरामांनी ती आडनावाच्या क्रमानं लावली, कारण दुसरा कुठलाही क्रम लावला असता तर भांडण झालं असतं. त्यामुळं वाळके सातव्या पानावर, तळाशी.

वीस तारखेला सभागृह भरलं. नवे फेटे, अत्तर, हाराची फुलं. गॅलरीत कार्यकर्त्यांची झुंबड, खांबाजवळच्या खुर्चीत मोबाइल उंच धरून कोणीतरी. दत्तोबानं कपाटातला मानदंड पुसून आणला होता.

"चार वर्सांनी हात लावला साहेब," तो कोंडीरामांच्या कानाशी येऊन पुटपुटला, "जड झालाय का मी म्हातारा झालोय?"

"दोन्ही," कोंडीराम म्हणाले.

इतिवृत्त कायम झालं. श्रद्धांजली पुकारली गेली. नगरसचिव वाचायला लागले. पहिलं पान संपलं, दुसरं निम्मं झालं. सभागृहात कुजबूज वाढली. एक ज्येष्ठ सभासद उठले. श्वासावरून कोंडीरामांनी ओळखलं, जुनेच आहेत.

"महापौरसाहेब, सगळ्यांविषयी आदर आहे. पण सात पानं वाचायची तर चहा-नाष्टा इथंच मागवावा लागेल." हशा. "अशी सूचना आहे की प्रमुख नावं झालेली आहेत. बाकी सर्व ज्ञात-अज्ञात दिवंगतांना श्रद्धांजली, असा एकत्रित ठराव घ्यावा आणि त्यांच्या आदरार्थ सभा पुढील महिन्यापर्यंत तहकूब करावी."

"अनुमोदन," पाच-सहा आवाज.

कोंडीरामांचा हात लिहीत होता. मान मात्र वर झाली. करिष्मा चौथ्या रांगेत होती. तिनं बोलायला माईकचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. शेजारच्यांनी तिच्या कानाशी काही सांगितलं, तिनं आपल्या गटनेत्याकडं बघितलं. गटनेत्यानं डोळे मिटून मान डावीउजवीकडं हलवली, अगदी हळू, लहान मुलाला झोपवताना हलवावी तशी. दिवा विझला.

सगळे उभे राहिले. कोंडीरामही. खुर्च्यांचा आवाज थांबला, खोकले थांबले. पंख्यांचा तेवढा आवाज. कोंडीरामांचे डोळे सवयीनं घड्याळावर गेले. दहा. पंधरा. ज्ञात-अज्ञात. त्यांच्या मनात आलं, यातलं ती कोण? गॅलरीत बसली म्हणून अज्ञात, की दिघीत सगळे ओळखत म्हणून ज्ञात? वीस. सत्तावीस.

"चतुराबाई महादू वाळके, दिघी."

आवाज कोणाचा हे त्यांना लगेच ओळखू आलं नाही. आवाज ओळखण्यात ते कधी चुकत नसत, पण हा त्यांनी भरलेल्या सभागृहात पूर्वी ऐकलाच नव्हता. नगरसचिवांचा माईक चालू होता. नाव छताला लागलं आणि एकशे अठ्ठावीस खुर्च्यांवरून परत आलं.

कोणी हललं नाही. स्तब्धतेत हलायचं नसतं. मग नगरसचिवांनी घाईनं मान हलवली, खुर्च्या करकरल्या, सगळे बसले. घड्याळात अडतीस सेकंद झाले होते.

वरच्या आसनावर थोडी खुसफुस झाली. महापौर म्हणाले, आवाजात राग नव्हता, नवी जबाबदारी होती, "स्तब्धतेच्या वेळी सभाशाखेतल्या कर्मचाऱ्यानं जे काही उच्चारलं, ते कामकाजातून काढून टाकावं. सभा तहकूब."

कोंडीरामांनी हे लिहून घेतलं. मग वहीत मागं बघितलं, तर काढायला काही नव्हतंच. आपलं स्वतःचं बोलणं लिहायची त्यांच्या हाताला सवय नव्हती. पण काढायचं तर आधी असायला हवं. त्यांनी दोन ओळींच्या मधल्या जागेत, बारीक, ते नाव लिहिलं आणि त्यावरून रेघ ओढली.

डावा पंजा आपोआप पालथा झाला होता.

शाखेत परतल्यावर नगरसचिव म्हणाले, "ओव्हाळ, शेवटच्या आठवड्यात काय हो हे? तुमच्याकडून?" आणि मग स्वतःच जरा नरमले. "जाऊ द्या. नातेवाईक होत्या का?"

"नाही."

"मग?"

कोंडीराम म्हणाले, "गॅलरीत बसायच्या." साहेबांना तेवढ्यात फोन आला.

करिष्मा जाताना दारात थांबली. "सॉरी काका. पुढच्या वेळी नक्की घेऊ या." पुढच्या वेळी मी नसेन, हे कोंडीरामांनी सांगितलं नाही. तिचा आवाज त्यांच्या लक्षात राहिला.

इतिवृत्त करायला आठ दिवस होते. त्यांनी ते दोनच दिवसांत केलं. ज्या जागी आदेश होता त्या जागी कंसात लिहिलं, 'वगळले'. मग उठून अभिलेख कक्षात गेले, दोन हजार अकराचा खंड काढला आणि तो दुसरा कंस बघितला. एकाच माणसाचे दोन कंस, मध्ये पंधरा वर्षांची पानं. यादीचं सातवं पान त्यांच्या खणात होतं. परिशिष्ट म्हणून जोडलं असतं तर कोणाच्या लक्षात आलं नसतं. कोणी वाचतच नव्हतं. त्यांनी ते पान काढलं, पुन्हा ठेवलं. न वाचलेलं नाव वाचलं असं लिहायचं, म्हणजे खोटं लिहायचं. तिला खोट्यात घालायचं होतं का?

आणि तिथंच, पेन टेकवून बसले असताना, त्यांच्या लक्षात आलं की आपण तेहतीस वर्षं, दर सभेला, एक खोटं वाक्य लिहीत आलो आहोत. प्रघात म्हणून. शेकडो वेळा.

त्यांनी ते वाक्य खोडलं आणि टंकलं, 'सभागृहाने अडतीस सेकंद स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहिली.'

नगरसचिवांनी नेहमीप्रमाणं शेवटच्या पानावर सही केली.

निरोपाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. चार शब्द बोला म्हणाले. कोंडीराम माईकपुढं उभे राहिले, म्हणाले, "सगळ्यांचा आभारी आहे." चारही झाले नाहीत. योगिनी रविवारी म्हणाली, "बाबा, आता इकडंच या ना." "बघू," ते म्हणाले. घड्याळ त्यांनी खोक्यातच ठेवलं. गिरणी खाली दिवसभर घरघरत होती.

पुढच्या वीस तारखेला ते शर्टाला इस्त्री करून दीड वाजता महापालिकेच्या दारात उभे होते. दत्तोबाला फार अवघड वाटलं.

"साहेब, पास काढावा लागतो आता तुमाला. रागवू नका. नियम हाय."

"माहीत आहे. मीच टंकलाय."

नोंदवहीत त्यांनी नाव, पत्ता लिहिला. शेवटचा रकाना भेटीच्या कारणाचा होता. तो कोरा ठेवून ते जिना चढले. गॅलरीत कार्यकर्ते आता नव्हते, हौस फिटली होती. तिसऱ्या रांगेत, खांबाला लागून खुर्ची रिकामी होती. तिथून खालचं अर्धगोल टेबल किती लहान दिसतं हे त्यांना प्रथमच कळलं. टेबलाशी एक मुलगी लॅपटॉप उघडून बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"मागील सभेचं इतिवृत्त. कायम?"

"कायम, कायम."

चार सेकंद. झालं. ते अडतीस सेकंद आता कायमचे खरे झाले होते. कोंडीरामांनी इकडंतिकडं बघितलं. ज्याला बोटांनी खूण करून सांगावं असं कोणी खाली नव्हतं, वरही नव्हतं.

श्रद्धांजली आली. तीन नावं. करिष्माचा लाल दिवा लागला नाही. सगळे उभे राहिले. कोंडीरामही खुर्चीवरून उठले. पस्तीस सेकंदांत खाली खुर्च्या करकरल्या, पुढचा विषय पुकारला गेला, कोणीतरी बोलू लागलं.

सुरक्षारक्षक कडेनं आला. दबक्या आवाजात म्हणाला, "बसा काका. झालं."

"अजून नाही," कोंडीराम म्हणाले. घड्याळातून नजर न काढता त्यांनी डावा पंजा पालथा धरला, थांब म्हणावं तसा, आणि पुढचे पंच्याऐंशी सेकंद ते तिथं एकटे उभे राहिले.